काटा

साहेब, तुम्ही वजनमापे खात्याचे.
चहा सांगितलाय, तवर बसा.
पंखा लावू नका, कापूस उडतो.

सेलूत जिनिंगा पुष्कळ, पण काटा हाच खरा,
असं पार बोरी-जिंतूरपर्यंत लोक बोलतात.
अकरा वर्षं मी याच खिडकीत.
भरलेलं, रिकामं, वजा केलं की निव्वळ.
दहाच्या पटीत बोलतो हा.
मधले चार-सहा किलो कुणाचेच नसतात,
ते मी घरी न्यायचो.
एवढं लिहून घ्या. बाकीचं नुसतं ऐका.

लिंबाजी नावाचा हमाल होता.
एकदा गमतीनं उभा राहिला प्लेटीवर,
आकडा आला साठ.
"आवंदा पोत्याइतका तरी भरलो," म्हणाला,
आणि दात काढले.
त्याला हिशोब येतो
हे मला फार उशिरा कळलं.

मार्गशीर्षातली रात्र. म्हणाला,
"भाऊ, काटा मारायलास तू.
उद्या शेठच्या कानावर घालतो."
आणि गंजीच्या कडेला खोपा करून झोपला.
कापसाला ऊब असते, थंडीत सगळेच झोपतात.

काटा मी अकरा वर्षं मारत होतो.
त्या रात्री काढला.

फार काही केलं नाही.
भरली ट्रॉली होती, तिचं फळकं उघडलं, जॅक उचलला.
रक्त नाही. आरडाओरडा नाही.
कापूस पडताना ऐकू येत नाही, साहेब.
पडून गेल्यावर येतो.

सकाळी कुणीतरी म्हणालं,
उचल घेऊन पळाला असंल, उसाला.
मी मान हलवली.

मग ती गंजी उतरायला लागली.
रेचे खात होते, सरकी इकडं, रुई तिकडं,
मी खिडकीतून मोजत होतो.
आज पत्र्याच्या दुसऱ्या पट्टीपर्यंत.
आज बायकांच्या डोक्याइतकी.
रेचे थांबले की माझा घास थांबायचा.
आज कमरेला.
एक बाई ओरडली, "अगं आई, हे काय!"
मी पावतीवर एक शून्य जास्त टाकलं.

मांजरीची पिल्लं निघाली. तीन.
डोळे उघडले नव्हते अजून.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फरशी लागली.
बायांनी खराट्यानं झाडली.
फरशी होती, नुसती फरशी.
वहाण नाही, बिडीचं थोटूक नाही.
सगळे जेवायला गेले, मी तिथंच बसून राहिलो,
हातानं चाचपत.

सापडला असता
तर मेला असता.

तवापासून रिकामी प्लेट साठ दाखवते.
शून्याची कळ दाबतो, शून्य.
बोट उचलतो, साठ.
घरी गादी फोडून घेतली तीनदा,
पिंजारी आता आमच्या गल्लीत येत नाही.
उशीला कान लागला की आत कुणी कूस बदलतं.
बायको देवापाशी वात लावते,
मी म्हणतो, नको जाळू,
आधी हलते का बघ.

आज तुम्ही टनाची वजनं ठेवून पाहिली.
म्हणालात, काटा बिनचूक आहे.
मला वाटलं होतं बिघडलाय म्हणाल.
रोज नारळ फोडला असता तुमच्या नावानं.

बसा, उठू नका. आकडा इथूनच दिसतो.
ए, तो ट्रॅक्टर घे रे बाजूला.
त्या कुत्र्यालाही हाकल.
आता मी एकटा चढतो, अनवाणी,
खिशातली किल्लीसुद्धा इथं ठेवतो.
माझं वजन सत्तर,
सरकारी दवाखान्याच्या कार्डावर लिहिलंय.

वाचा.
मोठ्यानं वाचा साहेब, मशीन चालू आहेत.

कामून गप झालात?